जुन्या तुळईची हमी कोण देणार?

स्वित्झर्लंडमधलं विंटरथुर हे झ्युरिकजवळचं जुनं औद्योगिक शहर. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांशी त्याचं एक नातं आहे. युरोपातल्या गिरण्यांनी काढून टाकलेले जे ‘सुल्झर’ माग आपल्याकडे आणून पुन्हा चालवले गेले, त्या सुल्झर कंपनीचं हे गाव. १८३४ साली सुल्झर बंधूंनी तिथे ओतशाळा सुरू केली. पुढे वाफेची इंजिनं, डिझेल इंजिनं, माग असा पसारा वाढत गेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तो आवरता घेतला गेला. कारखान्यांच्या जागा मोकळ्या पडल्या. त्यातला ‘लागरप्लाट्झ’ नावाचा भाग २००९ साली आबेंडरोट या पेन्शन फंडाने विकत घेतला. पण या नव्या मालकाने तिथल्या शेड पाडल्या नाहीत, दुरुस्त केल्या आणि भाड्याने दिल्या. त्यांपैकी ११८ क्रमांकाच्या शेडच्या टोकाला असलेल्या जुन्या इमारतीवर तीन मजले चढवायचे ठरले. ते काम २०२१ साली पुरं झालं. आज ‘के ११८’ या नावाने ही वास्तू युरोपातल्या वास्तुशिक्षणात ठिकठिकाणी शिकवली जाते.

या तीन मजल्यांचा सांगाडा, जिना, खिडक्या आणि बाहेरचं आवरण आधी दुसऱ्या इमारतींमध्ये होतं. बाझेलमध्ये कूप या सहकारी ग्राहक संस्थेचं एक वितरण केंद्र पाडलं जात होतं, तिथून लोखंडी खांब आणि तुळया आल्या. झ्युरिकमधल्या ओरायन नावाच्या ऑफिसच्या इमारतीचा बाहेरचा लोखंडी जिना आला, तिच्या दर्शनी भिंतीवरच्या ग्रॅनाइटच्या लाद्याही आल्या. विंटरथुरमधल्याच एका छापखान्याचे लाल पन्हळी पत्रे बाहेरच्या भिंतींना लागले. भिंतींच्या आत थंडी अडवायला पेंढा भरला आणि आतून मातीचा गिलावा केला. हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की हेच मजले नव्या साहित्यात बांधले असते त्यापेक्षा हरितगृह वायूंचं उत्सर्जन सुमारे ६० टक्क्यांनी, म्हणजे जवळपास ५०० टनांनी कमी झालं.

आकडा मोठा आहे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती कामाची उलटलेली रीत. एरवी वास्तुविशारद नकाशा काढतो, त्यावरून साहित्याची यादी होते आणि यादी घेऊन कंत्राटदार बाजारात जातो. इथे आधी माणसं बाजारात, खरं तर पाडकामाच्या जागी गेली. बाउब्युरो इन सिटू या संस्थेने हे काम केलं. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बार्बरा बुझर यांनी १९९० च्या दशकातच बाझेलमध्ये जुन्या बांधकाम-साहित्याच्या खरेदी-विक्रीची जागा उभी केली होती. कुठली इमारत कधी पडणार, तिच्यात काय आहे, ते न मोडता काढता येईल का, हे शोधत फिरणं हीच एक नोकरी झाली. जे सापडलं त्यावरून इमारत ठरत गेली. जिन्याचंच बघा. तयार जिन्याच्या पायऱ्या किती आणि प्रत्येक पायरी किती उंच, हे कायमचं ठरलेलं असतं. त्यात दोन-चार इंच इकडेतिकडे करता येत नाहीत. म्हणून जिन्याला जुळतील अशा उंचीवर मजल्यांच्या जमिनी आल्या. खांबांमधलं अंतर बाझेलच्या तुळयांच्या लांबीने ठरलं. खिडक्या एका मापाच्या मिळाल्या नाहीत, तेव्हा भिंतीची चौकट त्या त्या खिडकीपुरती आखली गेली.

आता या कामातल्या विद्यापीठाच्या वाट्याकडे येऊ, कारण या लेखाचा विषय तोच आहे. झ्युरिकच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठाचा वास्तुकला विभाग विंटरथुरमध्ये, सुल्झरच्याच एका जुन्या शेडमध्ये भरतो. त्या विभागातल्या संशोधकांनी के ११८ चं काम चालू असतानाच त्याची नोंद ठेवली. कुठला भाग कुठून आला, तो काढायला काय लागलं, साठवायला कुठे ठेवला, बसवताना काय बदलावं लागलं, त्यात किती कार्बन वाचला, कायद्याच्या कुठल्या कलमाशी गाठ पडली, या साऱ्याची. त्यातून २०२१ साली जुन्या भागांच्या पुनर्वापरावरचा एक जाडजूड संदर्भग्रंथ निघाला. हे ‘उपयोजित’ संशोधन आहे. प्रयोगशाळेत नवा पदार्थ शोधून पेटंट घेण्यासारखं त्यात काही नाही. एका बांधकामात जे कळलं ते पुढच्या बांधकामाला बिनचूक मिळावं, एवढाच त्याचा हेतू. अशा कामाला आपल्या विद्यापीठीय जगात फारसा मान नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. बांधकाम-व्यवसायात ज्ञान माणसाबरोबर येतं आणि माणसाबरोबर निघून जातं. ते धरून ठेवणारी जागा विद्यापीठाखेरीज दुसरी कुठली असणार?

ही सगळी उठाठेव कशासाठी, हे थोडक्यात सांगायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांप्रमाणे जगातल्या ऊर्जा आणि उद्योगांशी निगडित कार्बन डायऑक्साइडपैकी एक-तृतीयांशाहून जास्त भाग इमारती आणि बांधकामाच्या वाट्याला जातो. त्यातला मोठा हिस्सा इमारत वापरताना जळणाऱ्या इंधनाचा आणि विजेचा. उरलेला हिस्सा सिमेंट, पोलाद, काच, विटा तयार होतानाच हवेत गेलेला असतो. सिमेंट एकटंच जगाच्या उत्सर्जनात सात-आठ टक्क्यांची भर घालतं आणि त्याचं कारण केवळ भट्टीचा कोळसा नाही. चुनखडी तापवली की खुद्द दगडातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या उत्सर्जनाचा निम्म्याहून जास्त भाग हा असा दगडातला आहे. उद्या भट्ट्या स्वच्छ विजेवर चालल्या तरी तो भाग राहणारच.

यात वेळेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. जुनी इमारत पाडून उत्तम ऊर्जाक्षम नवी बांधली, तर वापरातली बचत पन्नास-साठ वर्षांत थोडी थोडी होत जाते. बांधकामाचं उत्सर्जन मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांतच, एकरकमी होतं. हवामानाच्या दृष्टीने पुढची वीस-पंचवीस वर्षं सर्वांत निर्णायक आहेत. नेमकी तीच वर्षं आपण नव्या इमारतीचं कार्बनचं कर्ज फेडण्यात घालवतो. म्हणून उभं आहे ते राखणं, त्याला थंडी-उन्हापासून वाचवणारं आवरण देणं आणि लागेल तेवढीच भर घालणं, हा मार्ग हिशेबाने पुष्कळदा सरस ठरतो. युरोपीय आयोगाने २०२० साली नूतनीकरणाचं धोरण जाहीर केलं तेव्हा स्पष्ट म्हटलं होतं, की आजच्या इमारतींपैकी ८५ ते ९५ टक्के २०५० सालीही उभ्या असतील आणि ऊर्जेच्या दृष्टीने त्यांच्या नूतनीकरणाचा वेग वर्षाला जेमतेम एक टक्का आहे. त्या शंभरातल्या नव्वद इमारतींचं काय करायचं, हा खरा वास्तुकलेचा प्रश्न आहे. तरी मासिकांच्या मुखपृष्ठांवर अजून नव्या इमारतीच झळकतात.

मग सगळं जग विंटरथुरसारखं का वागत नाही? खर्च हे एक कारण सांगितलं जातं. के ११८ चा खर्च नव्या बांधकामाच्या आसपासच गेला. पण पैसा वेगळीकडे गेला. साहित्यावर वाचलेला पैसा शोधणाऱ्या, काढणाऱ्या, मोजणाऱ्या, जुळवणाऱ्या माणसांच्या मजुरीवर गेला. स्वित्झर्लंडसारख्या, मजुरी अतिशय महाग असलेल्या देशात हे जमलं, याला मी फार महत्त्व देतो. खाणीला आणि भट्टीला जाणारा पैसा माणसाच्या हाताला गेला, हे माझ्या मते या प्रयोगाचं सामाजिक यश आहे.

खरी अडचण पैशाची नाही, सहीची आहे. नव्या तुळईबरोबर कारखान्याचं प्रमाणपत्र येतं. तिच्या पोलादाची प्रत काय, ताकद किती, हे त्यावर छापलेलं असतं. बाझेलच्या शेडमधून उतरवलेल्या तुळईबरोबर असं काही येत नाही. ती तुळई वर्षानुवर्षं भार पेलत उभी होती, यापेक्षा चांगला पुरावा तो कोणता, असं सामान्य माणूस म्हणेल. पण अभियंत्याला त्यावर सही करायची असते आणि काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी तीच सही पुढे करते. सुल्झरचा जुना माग घेताना तो चालवून बघता येतो. तुळई तशी चालवून दाखवता येत नाही. ही मधली पोकळी भरून काढणं हेच विद्यापीठांचं काम आहे आणि गेल्या काही वर्षांत ते काही ठिकाणी अतिशय निष्ठेने चाललं आहे.

नॉर्वेतलं उदाहरण सांगतो. ऑस्लोमध्ये १९५० च्या दशकातल्या एका ऑफिसच्या इमारतीचं नूतनीकरण आणि विस्तार २०२१ साली पुरा झाला. त्यासाठी पाडल्या जाणाऱ्या एका सरकारी इमारतीतून काँक्रीटचे पोकळ स्लॅब सुटे करून आणले होते. हे स्लॅब कारखान्यात ओतलेले असतात, आत लांबीभर नळीसारख्या पोकळ्या असतात आणि ताणलेल्या पोलादी तारा असतात. ते उतरवले, तपासले, पुन्हा बसवले. त्यानंतर २०२२ साली नॉर्वेने अशा जुन्या पोकळ स्लॅबच्या पुनर्वापरासाठी राष्ट्रीय मानकच काढलं. एका इमारतीतल्या खटाटोपातून मानक निघालं की पुढच्या अभियंत्याची सही सोपी होते. ती आता त्याच्या एकट्याच्या धाडसावर अवलंबून राहत नाही.

फिनलंडच्या ताम्पेरे विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२१ साली ‘रीक्रिएट’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात स्वीडन, नेदरलँड्स आणि जर्मनीतली विद्यापीठंही सहभागी झाली. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटचे भाग जुन्या इमारतींतून अखंड काढून नव्यात बसवायचे, हा त्याचा विषय. जर्मनीतल्या कॉटबुसच्या विद्यापीठाला यातला अनुभव जुना. देश एक झाल्यावर पूर्व जर्मनीतल्या मोठाल्या वसाहती ओस पडल्या, तेव्हापासून तिथल्या भिंतींच्या तयार पाट्या पुन्हा वापरण्याचा अभ्यास या विद्यापीठात चालू आहे. लोझानच्या ईपीएफएल या संस्थेतल्या संशोधकांनी तर जागेवर ओतलेल्या काँक्रीटलाच हात घातला. तसं काँक्रीट सुटं होत नाही, फोडावंच लागतं, असा समज आहे. त्यांनी एका इमारतीच्या भिंतींमधून करवतीने २५ ठोकळे कापून घेतले, त्यांना भोकं पाडली, कमानीत रचले, फटींमध्ये मॉर्टर भरलं, पोलादी केबल ओवून ताणल्या आणि १० मीटर गाळ्याचा पादचारी पूल उभा केला. हे २०२१ चं काम. एवढ्याशा पुलाने कुठल्या शहराचं भागत नाही, हे खरं. पण ‘होत नाही’ हे उत्तर त्यामुळे बाद झालं.

इथे एक इशारा द्यायला हवा. भाग काढून पुन्हा लावण्याचं कौतुक करता करता मुळात पाडलंच कशाला, हा प्रश्न मागे पडू शकतो. के ११८ मध्येही मोठी गोष्ट ही, की खालची जुनी इमारत जागेवर राहिली. या बाबतीत मला फ्रान्सच्या लाकातों आणि वासाल या वास्तुविशारद-जोडीचं बोर्दो शहरातलं काम सर्वांत थोर वाटतं. १९६० च्या दशकातले तीन सार्वजनिक गृहनिर्माणाचे ठोकळे, त्यात ५३० घरं. त्यांनी सहकाऱ्यांसह प्रत्येक घराच्या बाहेरच्या बाजूला जवळजवळ चार मीटर खोलीची, काचेने बंद होणारी गच्ची जोडली. तिने थंडीत ऊब धरली आणि घरही मोठं झालं. २०१७ साली काम संपलं, २०१९ मध्ये त्याला युरोपचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार आणि २०२१ मध्ये त्या दोघांना प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. पुरस्कारांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहिले. संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं अडकलेली कुटुंबं ज्या मुंबईने पाहिली आहेत, त्या मुंबईच्या वाचकाला या एका वाक्याचं वजन समजेल.

आपल्याकडचं चित्र युरोपच्या नेमकं उलटं आहे आणि म्हणूनच ते विचार करायला लावणारं आहे. जुन्या साहित्याचा बाजार स्विस लोकांना प्रयत्नाने उभा करावा लागला. आपल्याकडे तो आहेच. पुण्यात वाडा उतरवला की त्यातलं सागवान दारात पोचण्याआधी विकलेलं असतं. सोसायटी पाडायला घेतली की दारं, ग्रिल, खिडक्या, नळ, वायरी आधी निघतात, स्लॅब फोडून सळया निघतात आणि मग उरतो राडारोडा. भंगाराच्या धंद्यातल्या माणसांना कुठल्या काळातल्या इमारतीत काय सापडेल, हे तोंडपाठ असतं. मजुरी स्वस्त, साहित्य महाग. पुनर्वापराला यापेक्षा चांगली परिस्थिती कुठली? तरीही मुंबई-पुण्यात चाळीस वर्षांच्या इमारती सरसकट पाडल्या जातात, कारण किंमत बांधकामाला नसून जमिनीला आणि एफएसआयला असते. बिल्डरला जादा चटईक्षेत्र, रहिवाशांना वाढीव कार्पेट, कॉर्पस निधी आणि नवं घर मिळेतोवरचं भाडं, या पुनर्विकासाच्या गणितात उभ्या इमारतीचा भाव शून्य धरलेला असतो. युरोपात पाडण्याच्या बाजूने निदान एक युक्तिवाद असतो, की जुनं घर उष्णता बाहेर घालवतं. आपल्या हवेत घर तापवण्याचा प्रश्नच नाही. उलट जाड भिंती, व्हरांडे आणि उंच छतं असलेल्या पुष्कळ जुन्या इमारती एसीशिवाय राहण्याजोग्या आहेत, नव्या काचेच्या नाहीत.

याचा अर्थ सगळंच राखावं असा मुळीच नाही. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, गळत्या गच्च्या, पूर्वीची निकृष्ट वाळू यांनी मुंबईतल्या कितीतरी इमारतींच्या सळया आतून गंजवल्या आहेत. दर पावसाळ्यात इमारत कोसळून माणसं मरतात. त्या इमारतींबद्दल भावनेने बोलणं हा अपराध होईल. मुद्दा निवडीचा आहे, आणि निवड करायला माहिती लागते.

ती माहिती गोळा करण्याची यंत्रणा आपल्याकडे आधीच आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ऑडिटवाला हातोड्याने, ध्वनिलहरींनी काँक्रीट तपासतो. कॉलममधून काँक्रीटचा गाभा काढून त्यावर फिनॉल्फथॅलिनचं द्रावण फवारतो. जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे गडद गुलाबी रंग चढतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे अल्कता गमावलेला बाहेरचा थर तसाच करडा राहतो. करड्या थराने सळई गाठली नसेल, तर गंजापासून वाचवणारं तिचं कवच शाबूत आहे. फिनलंड-जर्मनीतले संशोधक जुने भाग पुन्हा वापरण्याआधी काँक्रीटला हेच विचारतात. चाचणी एकच, पण आपल्या अहवालाचा शेवट सी-वन, सी-टू, सी-थ्री यांपैकी एका शिक्क्यात होतो: धोकादायक, दुरुस्त करण्याजोगी किंवा किरकोळ दुरुस्तीची. सी-वन झाली की पाडकाम. त्या इमारतीत किती मीटर चांगली तुळई होती, किती सागवान, किती दगड, याचा एक कागदही उरत नाही. ऑडिटच्या त्याच फेरीत, त्याच माणसांकडून ही मोजदाद करून घेता येईल. त्यासाठी लागतो तो फक्त एक रकाना आणि तो भरायचा नियम.

सुरुवात जागेवर ओतलेल्या आरसीसीपासून करू नये, असं माझं मत आहे. ते सर्वांत अवघड आहे. आधी लोखंडी शेड घ्याव्यात. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या पिढीतल्या ठाणे-बेलापूर, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांत आज जुन्या शेड जाऊन नव्या इमारती येताहेत. बोल्टने जोडलेल्या कैच्या, खांब, तुळया सुट्या करणं सोपं असतं. ब्रिटनमध्ये २०१९ साली जुन्या बांधकामी पोलादाच्या तपासणीची पद्धत प्रसिद्ध झाली, तीही १९७० नंतरच्या पोलादापुरतीच. सगळ्या प्रश्नाला एकदम भिडायचं त्यांनी टाळलं, आपणही टाळावं. आजही अशा शेड काढून दुसरीकडे उभ्या केल्या जातात, पण बहुधा अंदाजाने आणि मालकाच्या जबाबदारीवर. नाहीतर ते लोखंड वितळवायला जातं. वितळवणं हाही पुनर्वापरच आहे, पण त्यात भट्टीची ऊर्जा लागते. सरळ तुळई म्हणून वापरली तर ती लागत नाही.

इथे महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची गाठ पडते. व्हीजेटीआय आणि आयआयटीसारख्या संस्थांकडे इमारतींच्या तपासणीसाठी लोक आजही जातात. पण मी साध्या, तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाबद्दल बोलतो आहे. तिथल्या प्रयोगशाळेत ताण-दाब चाचणीचं यंत्र, यूटीएम, असतं. सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यावर एक तरी सळई तुटेपर्यंत ताणलेली असते, पण ती कोरी, बाजारातून आणलेली सळई. तिचं उत्तर पाठ्यपुस्तकात आधीच असतं. तिच्याऐवजी जवळच्या एमआयडीसीत उतरवल्या जाणाऱ्या शेडमधल्या प्रत्येक मापाच्या तुळईचा तुकडा आणावा, ताणावा, तुटला त्या वेळचा आकडा लिहावा. शेड कोणत्या साली उभी राहिली, तुळई कुठल्या जागी होती, गंज किती, जुने वेल्ड कुठे, हेही लिहावं. प्राध्यापकाने त्यावर सही करावी, महाविद्यालयाने शिक्का मारावा, आणि असे अहवाल विद्यापीठाने एका ठिकाणी जमा करावेत. काही वर्षांत कोणत्या काळातलं, कोणत्या मापाचं लोखंड किती भरवशाचं आहे, याची आपली स्वतःची सारणी तयार होईल, आणि तुळई विकणाऱ्या शेडवाल्याला गिऱ्हाइकापुढे दाखवायला एक कागद मिळेल.